तपासणीनंतरची वाट: खाडीकाठचे एक गाव, एक वैद्यकीय महाविद्यालय आणि कर्करोगातील विषमता

या प्रकरणातील गाव रत्नागिरी जिल्ह्यातील एका खाडीच्या काठावर आहे आणि वैद्यकीय महाविद्यालय तिथून एसटीने दोन-अडीच तासांवर आहे. दोघांचीही नावे दिलेली नाहीत. एकाहून अधिक ठिकाणचे अनुभव एकत्र करून अध्यापनासाठी हे प्रकरण बांधले आहे, पण त्यातल्या अडचणी, वाद आणि तोडगे कोकणात आरोग्याचे काम करणाऱ्या कोणालाही ओळखीचे वाटतील. प्रश्न असा होता: महाविद्यालयाने गावात येऊन स्त्रियांची मोफत तपासणी केली, काही जणींच्या गर्भाशयमुखावर, स्तनात किंवा तोंडात संशयास्पद बदल आढळले, त्यांना पुढील तपासणीसाठी बोलावले आणि त्यांतील बहुतेक जणी आल्याच नाहीत. त्या कुठे थांबल्या, का थांबल्या आणि ती वाट मोकळी करण्याची जबाबदारी कोणाची, हे ठरवताना गाव आणि महाविद्यालय यांचे नाते कसे बदलत गेले, याची ही नोंद आहे.

गाव आणि गावातली माणसे

गाव एक असले तरी वस्ती एका ठिकाणी नाही. डोंगरउतारावर, बागांच्या आड आणि खाडीच्या कडेने पसरलेल्या वाड्या, त्यांना जोडणाऱ्या पाखाड्या म्हणजे दगडी पायवाटा, पावसाळ्यात पाण्याखाली जाणारा एक साकव आणि पलीकडच्या काठावर मच्छीमारांचा मोहल्ला, अशी त्याची रचना आहे. उपकेंद्र एका टोकाला आहे. मुक्कामाची एसटी पहाटे सुटते. ती चुकली तर तालुक्याला जाणारी पुढची गाडी उशिरा असते आणि तिने गेल्यास मोठ्या रुग्णालयाची ओपीडी गाठता येत नाही.

घरटी एक तरी माणूस मुंबईत आहे. २०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२० हून अधिक स्त्रिया होत्या आणि २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी व सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. कर्करोगाच्या कामासाठी या आकड्यांचा अर्थ फार थेट आहे. गावात मागे राहतात त्या मुख्यतः स्त्रिया, त्यांतही चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या. शेत, गुरे, आजारी सासू-सासरे आणि नातवंडे त्यांच्यावर सोपवलेली असतात. आणि घरातला पैशाचा मोठा निर्णय मात्र दूर मुंबईत, फोनवर होतो.

या स्त्रियांपर्यंत तपासणी किती कमी पोहोचली आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) दिसते: देशात ३० ते ४९ वयोगटातील ज्या स्त्रियांची गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी आयुष्यात एकदा तरी तपासणी झाली, त्यांचे प्रमाण जेमतेम १.९ टक्के होते. स्तनांच्या तपासणीचे प्रमाण तर एक टक्क्याहूनही कमी होते. ग्लोबोकॅन या जागतिक कर्करोग आकडेवारीच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ८० हजार स्त्रिया त्याने दगावल्या. हा कर्करोग बहुधा एकाएकी होत नाही. एचपीव्ही विषाणूचा संसर्ग टिकून राहिल्यानंतर कर्करोगपूर्व बदलांपासून कर्करोगापर्यंत सहसा दहा-पंधरा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ जातो. म्हणजे एका स्त्रीला वाचवण्यासाठी समाजाला एवढी वर्षे मिळालेली असतात. तरीही ती रक्तस्राव सुरू झाल्यावर, गाठ मोठी झाल्यावर, पुढच्या टप्प्यात रुग्णालयात पोहोचते, आणि हा उशीर सर्वांच्या वाट्याला सारखा येत नाही. ज्यांच्यासाठी रुग्णालय दूर, पैसा परक्याच्या हातात आणि घर सोडणे अशक्य, त्यांच्याच वाट्याला तो अधिक येतो. विषमता म्हणतात ती हीच, आणि तिच्याकडे नशीब म्हणून पाहणे मला अन्यायाचे वाटते.

महाराष्ट्रात या विषयावरचे ज्ञान कमी नाही, हेही येथे सांगायला हवे. मुंबईच्या वस्त्यांत १९९८ पासून टाटा स्मारक केंद्राने केलेल्या अभ्यासात दहावीपर्यंत शिकलेल्या, प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी ॲसिटिक आम्ल लावून केलेल्या साध्या तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या साहाय्याने झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एचपीव्ही चाचणीच्या एकाच फेरीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. त्याच बार्शीत १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, आणि नोंदणीसाठी गावोगाव फिरणारे कार्यकर्ते लोकांशी बोलू लागल्यावर गर्भाशयमुखाचा कर्करोग आधीच्या टप्प्यात सापडण्याचे प्रमाण वाढले, असे नंतर दिसून आले. कोकणातही चिपळूण तालुक्यातील डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाच्या सोबतीने टाटा स्मारक केंद्राने या शतकाच्या पहिल्या दशकात ग्रामीण काम उभे केले. या गावात उणीव होती ती तपासणीनंतरच्या व्यवस्थेची.

शिबिरानंतर

पहिले शिबिर मे महिन्याच्या उत्तरार्धात झाले. तारीख महाविद्यालयाच्या पीएसएम, म्हणजे जनऔषधवैद्यक विभागाने ठरवली होती, कारण त्याच काळात इंटर्न मुलामुलींची ग्रामीण भागातली पाळी होती. गावाच्या दृष्टीने तो काळ सर्वांत गैरसोयीचा होता: चाकरमानी सुट्टीला आलेले, घर पाहुण्यांनी भरलेले, आंबा-काजूची शेवटची आवराआवर चाललेली आणि पावसाआधी लाकूडफाटा भरून ठेवायची घाई. तरीही आशाताई आणि बचत गटांच्या सांगण्यावरून बायका मोठ्या संख्येने आल्या. शाळेच्या वर्गात पडदे लावून तपासणी झाली. ज्यांना पुढे बोलवायचे होते त्यांच्या हाती इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी दिली गेली, तीही बाहेर रांगेत उभ्या असलेल्या इतर जणींसमोर. पुढची तारीख जूनअखेरची होती, म्हणजे भातलावणीतली.

त्या तारखेला मोजक्याच स्त्रिया महाविद्यालयात पोहोचल्या. विभागाच्या अहवालात कारण लिहिले गेले: ‘लोकांमध्ये जागृतीचा अभाव.’ हे वाक्य आरोग्यविषयक अहवालांत इतक्या वेळा आढळते की ते लिहिणाऱ्याला त्याचा पुरावा द्यावा लागत नाही. महाविद्यालयातील समाजसेवा अधीक्षक मात्र त्यावर समाधानी नव्हत्या. लावणी उरकल्यावर त्या आशाताईंना घेऊन घरोघरी गेल्या आणि न आलेल्या प्रत्येकीशी, शक्य तिथे एकटीला गाठून, बोलल्या. या प्रकरणातला सर्वांत मोलाचा भाग मला हाच वाटतो, कारण त्या भेटींनी अहवालातले ते वाक्य खोडून काढले.

एका काकींनी सांगितले की मुलगा गणपतीत येईल, तेव्हा त्याच्या कानावर घालून ठरवू. फोनवर हे बोलायला त्यांना जमत नव्हते, कारण ‘अंगावरून जाते’ हे मुलाला कसे सांगायचे. दुसरीच्या यजमानांनी ठामपणे सांगितले होते की तुकडा काढला की आजार पसरतो. त्यांच्या भावाच्या गाठीचा तुकडा काढला आणि तीन महिन्यांत तो गेला. भाऊ आधीच शेवटच्या टप्प्यात होता, ही गोष्ट त्या घरात कोणी कधी समजावून सांगितली नव्हती. तिसरीने ग्रामदेवतेला कौल लावला होता आणि कौल उजवा, म्हणजे होकाराचा मिळाला होता, पण पुढे जायला सोबत कोणी नव्हते. आणखी एक जण खरोखर गेली होती. पहाटेच्या एसटीने तालुक्याला, तिथून दुसऱ्या गाडीने महाविद्यालयात. केसपेपर काढून पोहोचेपर्यंत डॉक्टर शस्त्रक्रियागृहात गेले होते. परत या, असे सांगण्यात आले. तिने एका दिवसाची मजुरी आणि दोन गाड्यांचे भाडे घालवले होते, आणि गोठ्यातली म्हैस शेजारणीवर सोपवून ती पुन्हा येणार नव्हती. कित्येक जणींना तर काहीच त्रास होत नव्हता. दुखत नाही, खुपत नाही, आणि तरी डॉक्टर बोलावतात म्हणजे पिशवी काढायला सांगतील, ही भीती त्यांना होती. ही भीती अनाठायी म्हणता येणार नाही, कारण लहानशा तक्रारीवर गर्भाशय काढून टाकल्याची उदाहरणे त्यांनी आपल्याच नात्यात पाहिली होती.

या सगळ्यांतून एक हिशेबही पुढे आला. संशयित ठरलेल्या स्त्रीला निदान पूर्ण होईपर्यंत किमान तीन वेळा महाविद्यालयात यावे लागत होते: एकदा कॉल्पोस्कोपीसाठी, म्हणजे गर्भाशयमुख भिंगातून तपासण्यासाठी, एकदा बायोप्सीसाठी, म्हणजे तपासणीचा तुकडा काढण्यासाठी, आणि एकदा तिचा अहवाल घ्यायला. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशन यांचा समावेश आहे, पण निदान हाती येईपर्यंतचा प्रवास, बुडालेली मजुरी आणि बाहेर केलेल्या तपासण्या यांचा खर्च बहुधा घरातूनच जातो. म्हणजे आजार आहे की नाही हेच माहीत नसताना करायचा खर्च सर्वांत अवघड होता, आणि मदत त्यानंतर सुरू होत होती.

सभा कुठे भरवायची

समाजसेवा अधीक्षकांची टिपणे वाचून विभागप्रमुखांनी पुढचे शिबिर थांबवले आणि गावाशी औपचारिक भागीदारी करण्याचे ठरवले. जगभर या पद्धतीला आता मान्यता आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने २००१ पासूनच कर्करोग केंद्रे आणि वंचित समाजांना शिकवणाऱ्या संस्था यांच्या भागीदाऱ्यांना स्वतंत्र निधी द्यायला सुरुवात केली. पण कोकणातल्या गावात भागीदार नेमका कोण, हा प्रश्न कोणत्याही परदेशी नमुन्यातून सुटणारा नव्हता.

महाविद्यालयाला वाटले, ग्रामपंचायत. गावाला वाटले, गावकी, म्हणजे गावातल्या घराण्यांची परंपरागत बैठक. पहिली सभा ग्रामदेवतेच्या देवळातल्या सभामंडपात ठेवली गेली, कारण गावाच्या बैठका तिथेच होतात. बौद्धवाडीतून कोणी आले नाही आणि खाडीपलीकडच्या मोहल्ल्यातूनही कोणी आले नाही. बायका मंडपाच्या कडेला बसल्या आणि बोलल्या नाहीत. सभा सुरळीत पार पडली आणि ठरावही झाला, पण ज्या स्त्रियांपर्यंत तपासणी सर्वांत कमी पोहोचली होती त्या त्यात नव्हत्या. हे उघडपणे सांगितले ते बौद्धवाडीतल्या एका अंगणवाडी मदतनीस ताईंनी, तेही सभेनंतर, आणि त्यांच्या सांगण्यावरूनच दुसरी सभा प्राथमिक शाळेत झाली. मोहल्ल्यासाठी तिसरी बैठक वेगळी झाली, मच्छी सुकवण्याच्या ओट्यालगतच्या एका घरात आणि भरती-ओहोटीच्या वेळा पाहून. तीन सभांना लागलेला वेळ महाविद्यालयातील काही जणांना वाया गेलेला वाटला. माझ्या मते एकच सभा घेऊन पुढे गेले असते, तर भागीदारीच्या नावाखाली गावातली जुनीच उतरंड कर्करोगाच्या कामातही शिरली असती.

खरा वाद पुढे झाला. गावकीतील आणि मुंबई मंडळातील, म्हणजे मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या संघटनेतील, काही पुरुषांनी अशी मागणी केली की तपासणीत ज्यांच्यात दोष आढळेल त्यांची यादी मंडळाला द्यावी, म्हणजे मंडळ पैशाची आणि राहण्याची सोय करील. हेतू चांगला होता. बचत गटांच्या स्त्रियांनी मात्र एकमुखाने नकार दिला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा संबंध लैंगिक संसर्गाशी आहे हे अर्धवट ऐकलेल्या गावात यादी फुटली, तर त्या बाईला घरात आणि वाडीत काय ऐकावे लागेल, हे त्या जाणून होत्या. शिवाय मुलीच्या लग्नाच्या वेळी आईचा आजार काढला जातो, हेही त्यांनी बोलून दाखवले. महाविद्यालयाचा कल सुरुवातीला मंडळाकडे होता, कारण निधी मंडळाकडून येणार होता. शेवटी ठरले ते असे: निकाल प्रथम त्या स्त्रीलाच, एकांतात, मराठीत सांगायचा, पुढे कोणाला सांगायचे ते तिने ठरवायचे, आणि मंडळाला केवळ ‘एका कुटुंबाला अमुक दिवस राहण्याची गरज आहे’ एवढेच कळवायचे, तेही तिच्या संमतीने.

करारनामा दोन पानांचा झाला. महाविद्यालयाने पाठवलेला इंग्रजी मसुदा बाजूला ठेवून तो शाळेतल्या गुरुजींनी मराठीत लिहिला. तपासणीच्या तारखा गाव ठरवील, लावणी-कापणी आणि सणवार टाळून. संशयित स्त्रियांसाठी महाविद्यालय महिन्यातला एक दिवस राखून ठेवील आणि त्या दिवशी गावाच्या गाडीची वाट पाहील. शक्य असेल तिथे कॉल्पोस्कोपी आणि बायोप्सी एकाच भेटीत होईल, आणि अहवाल आरोग्यसेविकेमार्फत उपकेंद्रात पोहोचवला जाईल. म्हणजे तीन फेऱ्यांची एक फेरी होईल. या शेवटच्या कलमासाठी पॅथॉलॉजी, स्त्रीरोग आणि पीएसएम या तीन विभागांना आपापसांत बैठक घ्यावी लागली. गावातल्या तीन सभांपेक्षा ती अधिक कठीण गेली, असे विभागप्रमुखांनी नंतर सांगितले.

मुंबईतली खोली

ज्यांना कर्करोग निघाला त्यांच्यासाठी पुढची वाट मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयाकडे जात होती, काही जणींसाठी कोल्हापूरकडे. गर्भाशयमुखाचा कर्करोग पुढच्या स्थानिक टप्प्यात असेल तर रेडिएशन आणि त्यासोबत दर आठवड्याला केमो अशी उपचारपद्धती असते. सुमारे पाच आठवडे, आठवड्यातले पाच दिवस रोज रेडिएशन, त्यानंतर आतून दिले जाणारे रेडिएशन, आणि हे सगळे साधारण आठ आठवड्यांत पूर्ण व्हावे अशी अपेक्षा; मध्ये खंड पडला तर परिणाम कमी होतो. गावात याला ‘लाईट घेणे’ म्हणतात. रोज लाईट घ्यायची तर दोन महिने शहरात राहायला हवे. रेल्वे कर्करुग्णांना आणि सोबतच्या माणसाला भाड्यात सवलत देते, पण सवलतीने मुंबईत डोके टेकायला जागा मिळत नाही. धर्मशाळांपुढे मोठी रांग असते. मुलगा नालासोपाऱ्याला किंवा दिव्याला एका खोलीत राहतो, आणि उलट्या होणाऱ्या, अशक्त झालेल्या आईला रोज लोकलने परळला आणणे त्याला नोकरी सांभाळून शक्य नसते. उपचार अर्धवट सुटतात ते येथे.

कोकणातल्या पुष्कळ गावांच्या गिरणगावात गावकीच्या खोल्या होत्या. गिरणीत काम करणारे एकटे पुरुष वर्गणी काढून त्या चालवत. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, चाळी पडू लागल्या, तरी अशा काही खोल्या मंडळांनी जपून ठेवल्या आहेत. या गावाचीही परळ-लालबागच्या पट्ट्यात एक खोली होती. सभेत तिचा विषय निघाला तो एका निवृत्त गिरणी कामगाराकडून. त्यांनी विचारले की आमची खोली टाटा रुग्णालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, मग आमच्या बाया पदपथावर का झोपतात.

उत्तर सोपे नव्हते. खोलीत आजवर पुरुषच राहत आले होते, संडास चाळीच्या टोकाला होता आणि तिथे राहणारे तरुण नोकरदार जागा सोडायला तयार नव्हते. मंडळात बरेच महिने चर्चा झाली. अखेर खोलीचा अर्धा भाग पार्टिशन घालून रुग्ण स्त्री आणि तिची सोबतीण यांच्यासाठी राखला गेला, स्वयंपाकाची सोय झाली, आणि तिथल्या तरुणांपैकी ज्यांना जागा सोडावी लागली त्यांची सोय इतर गाववाल्यांनी आपल्या घरी केली. याचा खर्च मंडळाने उचलला, आणि त्यासाठी वार्षिक स्नेहसंमेलनाच्या खर्चाला कात्री लागली. महाविद्यालयाने उपचार पूर्ण होईपर्यंत रुग्णाची विचारपूस करण्याची आणि परत आल्यावर पाठपुराव्याच्या तपासण्या जवळच करून देण्याची जबाबदारी घेतली. अर्ध्या गावाचे आयुष्य मुंबईत असताना केवळ ग्रामपंचायतीशी करार केला असता, तर उपचार टिकवून धरणारी ही बाजू कधीच उभी राहिली नसती. कोकणात काम करू इच्छिणाऱ्या कोणत्याही विद्यापीठाने मुंबई मंडळाला पहिल्या दिवसापासून टेबलावर बसवावे, असे मी आग्रहाने म्हणेन.

सोबतीण कोण असावी हाही विषय होता. प्रत्येक रुग्णाला सून किंवा मुलगी मिळेलच असे नाही. बचत गटातल्या दोन-तीन स्त्रिया तयार झाल्या. त्यांतली एक स्वतः स्तनाच्या कर्करोगातून बरी झालेली होती, आणि केसपेपर कुठे काढायचा, योजनेच्या कक्षात कोणते कागद लागतात, केमोनंतर पेज कशी द्यायची, हे तिला अनुभवाने ठाऊक होते. शिधापत्रिकेवरचे नाव आणि आधारवरचे नाव जुळत नाही म्हणून अडलेले एक प्रकरण तिने तहसील कार्यालयात खेपा घालून मार्गी लावले. हे काम कोणत्याही डॉक्टरकडून होण्याजोगे नव्हते.

कोणती चाचणी, कोणाचा प्रश्न

दुसऱ्या वर्षी तपासणीची पद्धत ठरवताना एक वैद्यकीय मुद्दा पुढे आला. ॲसिटिक आम्ल लावून उघड्या डोळ्यांनी केली जाणारी व्हीआयए तपासणी स्वस्त आहे आणि निकाल जागेवर देते, पण पाळी गेल्यानंतर गर्भाशयमुखाचा ज्या भागात बदल होतात तो भाग आत सरकतो आणि ती तपासणी विश्वासार्ह राहत नाही. या गावात तर पन्नाशी ओलांडलेल्याच स्त्रिया अधिक. त्यांच्यासाठी एचपीव्ही चाचणी योग्य होती. ती महाग आहे, पण नमुना स्त्रीला स्वतःच घेता येतो, पडद्याआड कोणासमोर झोपावे लागत नाही. मोहल्ल्यातल्या आणि वयस्कर स्त्रियांनी हा पर्याय लगेच पसंत केला. महाविद्यालयाने मर्यादित संख्येत त्या चाचण्या मिळवल्या आणि त्या वयाने मोठ्या स्त्रियांसाठी राखून ठेवल्या.

तोंडाच्या तपासणीकडे आधी घाईने पाहिले गेले होते. कोकणात स्त्रिया मशेरी लावतात, भाजलेल्या तंबाखूची पूड, आणि तिला कोणी व्यसन समजत नाही. दात घासण्यापासून सुरू होऊन दिवसातून चार-पाच वेळा ती लावली जाते. तोंडातले पांढरे किंवा लाल चट्टे उजेडात नुसते पाहिले तरी दिसतात. केरळातील अभ्यासात तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये अशा तपासणीने तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले होते. बचत गटाच्या बैठकीतच टॉर्च घेऊन तोंड पाहण्याचे काम आशाताई आणि समुदाय आरोग्य अधिकारी यांनी सुरू केले. मशेरी सोडवण्याचे काम मात्र हळूहळूच चालले आहे. ती सुटली की पोट साफ होत नाही, ही तक्रार घेऊन बायका परत येतात आणि तिला उत्तर द्यावे लागते.

संशोधनाचा विषयही बदलला. महाविद्यालयाला पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधासाठी ‘ज्ञान, दृष्टिकोन आणि आचरण’ या साच्याचे सर्वेक्षण हवे होते. शाळेतल्या सभेत एका बाईंनी विचारले की आम्हाला काय माहीत नाही हे मोजून तुम्हाला काय मिळणार. आम्ही घरातून निघाल्यापासून औषध सुरू होईपर्यंत किती दिवस जातात आणि ते कुठे जातात, ते मोजा. प्रबंधाचा विषय तोच ठेवला गेला. प्रत्येक रुग्णाच्या वाटेवरचा प्रत्येक टप्पा आणि त्याला लागलेले दिवस नोंदवले जाऊ लागले. सर्वाधिक वेळ प्रवासात जात असेल असे सर्वांनी गृहीत धरले होते, पण नोंदींमधून दिसले की तो बायोप्सीचा अहवाल तयार होण्यात आणि घरातला निर्णय होण्यात जात होता. पहिल्या कारणावर महाविद्यालयाला आपल्याच प्रयोगशाळेत उपाय करावा लागला.

नोंदींवर हक्क कोणाचा

या बाबतीत गाव सावध होते, आणि त्याला कारण होते. २००९-१० मध्ये आंध्र प्रदेश आणि गुजरातमध्ये मुलींना एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प संमतीच्या पद्धतीवरून उठलेल्या वादानंतर एप्रिल २०१० मध्ये थांबवावा लागला. वसतिगृहातील मुलींच्या वतीने पालकांऐवजी अधीक्षकांनी सह्या केल्याचे उघड झाले होते. मुंबई आणि उस्मानाबादच्या अभ्यासांवरही, तुलनेसाठी निवडलेल्या गटातील स्त्रियांना तपासणी दिली गेली नाही, यावरून तीव्र टीका झाली. त्या अभ्यासांतून मिळालेले ज्ञान आज लाखो स्त्रियांच्या उपयोगी पडते, आणि तरीही ती टीका अप्रस्तुत ठरत नाही. गुरुजींनी या दोन्ही गोष्टी सभेत वाचून दाखवल्या. त्यावरून करारात भर पडली: गावात कोणताही तुलनात्मक अभ्यास करायचा असेल तर कोणालाही तपासणीपासून वंचित ठेवले जाणार नाही; संमतीपत्र वाचून दाखवताना घरातला पुरुष उपस्थित असण्याची अट नसेल; निष्कर्ष प्रसिद्ध करण्याआधी ते गावात मराठीत मांडले जातील; आणि लहान वाडीचे आकडे असे छापले जाणार नाहीत की त्यावरून कोण ते ओळखता येईल. महाविद्यालयाच्या नैतिकता समितीने शेवटची अट स्वतःहून अधिक कडक केली.

सध्याची स्थिती

पुढे बोलावलेल्या स्त्रियांपैकी आता बहुतेक जणी राखीव दिवशी पोहोचतात. पण हे सगळे किती नाजूक आहे, तेही दिसले. समाजसेवा अधीक्षकांची बदली झाली तेव्हा काही महिने गाडी रिकामीच गेली, कारण बायकांचा विश्वास संस्थेपेक्षा त्या व्यक्तीवर अधिक होता. इंटर्न दरवर्षी बदलतात आणि प्रत्येक तुकडीला पाखाडीपासून सुरुवात करावी लागते. आशाताईंवर आधीच इतक्या कार्यक्रमांचा भार आहे की ‘हेही तुम्हीच करा’ असे म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. पुरुषांची तपासणी अजून मागे आहे. गणपतीत आणि शिमग्यात चाकरमानी गावी असतात तेव्हा त्यांची तोंडे तपासण्याचा प्रयत्न सुरू झाला आहे, पण २०१२ मध्ये राज्यात बंदी आलेला गुटखा त्यांच्या खिशातून गेलेला नाही. लेकींच्या एचपीव्ही लसीबद्दल आया विचारू लागल्या आहेत. ९ ते १४ या वयात ती सर्वांत परिणामकारक असते आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी या वयासाठी एक मात्राही पुरेशी मानली, हे त्यांना सांगितले गेले. पण लसीचा खर्च कोण करणार, यावर पुढच्या सभेत बोलणी व्हायची आहेत.

त्याच सभेपुढे सोबतिणींच्या मानधनाचा प्रश्न आहे. प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात चाचण्यांसाठी, छपाईसाठी आणि विद्यार्थ्यांच्या प्रवासासाठी तरतूद आहे. दोन महिने घरदार सोडून परळच्या खोलीत रुग्णासोबत राहणाऱ्या बाईसाठी मात्र कोणतेही शीर्ष नाही, आणि लेखा विभागाने ‘स्वयंसेवा’ असा शेरा मारून प्रस्ताव परत पाठवला आहे. उपचार पूर्ण करून परतलेल्या स्त्रियांच्या नोंदी पाहिल्या तर त्यांपैकी जवळजवळ प्रत्येकीच्या पाठीशी यांतली एखादी सोबतीण होती. बचत गटांनी ठरवले आहे की नव्या वर्षाच्या करारावर सही करण्याआधी हे शीर्ष अंदाजपत्रकात आले पाहिजे, आणि विभागप्रमुखांनी तो प्रस्ताव त्यांच्याच शब्दांत अधिष्ठात्यांकडे पाठवला आहे.